पांढरीची माती, तांबडं तेल

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी वही. माझ्या मुलीची, अंकिताची, प्रॅक्टिकलची आहे, मागची पानं कोरी होती. कोणाला दाखवायची नाही. माणसाने रोज स्वतःला तपासावं, एवढाच हेतू.

आज सोमशेखर मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. तेलाच्या मिलमध्ये मी चोवीस वर्षं लॅबला आहे. टँकरने कच्चं पाम तेल येतं, गाजरासारखं तांबडं. ते तापवायचं, त्यात एका खास मातीची पूड घालून ढवळायचं, मग गाळायचं. माती रंग ओढून घेते. किती ओढला ते मी यंत्राच्या काचेत डोळा लावून सांगतो. एवढंच माझं काम, पण ते चोवीस वर्षं.

मालक म्हणाले, बिस्किटवाल्यांची माणसं तपासणी करून गेली, त्यांना लॅबमध्ये डिग्रीचा केमिस्ट पाहिजे. एक एप्रिलपासून. मी म्हटलं, आणि मी? म्हणाले, काट्यावर माणूस लागतोच की कुंडलिकराव. बसून काम आहे, झाडाची सावली आहे.

काटा म्हणजे गेटजवळचा वजनकाटा. ट्रक भरलेला तोलायचा, मग रिकामा तोलायचा.

मला वाईट वाटलं नाही. खुर्चीचा मोह मला कधीच नव्हता. (लॅबमधली खुर्ची फिरती आहे. तिचं चाक मी दोनदा बसवलं.) येताना सिद्धेश्वराला गेलो. काही मागितलं नाही. फक्त परिस्थिती कानावर घातली.

४ फेब्रुवारी. पहाट

जप करताना मन भलतीकडे गेलं. पण चांगल्या ठिकाणी गेलं.

ही रंग ओढणारी माती आम्ही गुजरातेतून आणतो. मागच्या महिन्यात गाडी अडकली तर मिल दोन दिवस बंद होती. जगाला पुरेल एवढी माती आपल्या सोलापुरात असताना आपण मातीसाठी गुजरातेकडे बघायचं?

आमच्या गावात वस्तीची जागा ती पांढरी आणि शेताची ती काळी. जुनी गढी ढासळते आहे, तिची माती पिठासारखी मऊ, पांढरी. माळवदाच्या घरांवर दर उन्हाळ्यात हिचाच थर देतात. वर कितीही पाणी साचो, खाली थेंब येत नाही.

जी माती पाणी अडवते, ती रंग अडवणार नाही का?

हे मला सुचलं, डिग्रीवाल्याला सुचलं नाही. यात माझा मोठेपणा नाही. सुचवणारा वेगळा. मी निमित्त.

ठरवलं: १) गावाकडून पांढरी माती आणणे. २) मार्चअखेर मालकांना सिद्ध करून दाखवणे. ३) अहंकार टाळणे.

५ फेब्रुवारी

घरी सांगितलं. बायको, वैजयंती, भाकरी थापत होती. म्हणाली, परवा फोडणी करपवलीत, तुम्ही तेलाच्या नादाला लागू नका. मी म्हटलं, हे निराळं तेल. म्हणाली, तेल निराळं असेल, माणूस तोच ना.

अंकिता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. केमिस्ट्री. तिला वाटतं आपल्याला सगळं कळतं. या वयात तसं वाटतं. म्हणाली, बाबा, गढीच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि चुना असणार. पांढरी आहे म्हणून तेल पांढरं करेल, असं नसतं. शेतातली काळी बघा. पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. तुमची गुजरातची माती तिच्याच जातीची आहे.

मी हसलो. म्हटलं, काळ्या मातीने तेल उजळायला लागलं तर उद्या कोळशाने दात घासशील.

नंतर आठवलं, लहानपणी आम्ही कोळशानेच घासत होतो. दात अजून शाबूत आहेत. पण तो विषय वेगळा.

९ फेब्रुवारी, रविवार

कुर्डुवाडीपर्यंत रेल्वे, पुढे माढ्याची एसटी, पुढे चुलतभाऊ ज्ञानू मोटरसायकल घेऊन आला होता.

पांढरीची माती उचलायची तर आमच्याकडे चपला काढून नारळ द्यावा लागतो. गावाची जागा आहे ती, अंगणातली धूळ नव्हे. दिला. डोळे मिटून म्हटलं, हे माझ्यासाठी नाही. म्हणताना आवाज थोडा चढला. ज्ञानू म्हणाला, हळू बोल, पांढर बहिरी न्हाय.

गढीची माती खणायला कोणी मिळेना. रंभाकाकूने माळवदासाठी चाळून ठेवलेला ढीग होता, तोच उचलला. आठ पोती. काकू ऐंशीच्या पुढे. ओट्यावर बसून बघत होती. विचारलं, कशाला रं एवढी? म्हटलं, तेलाचा रंग काढायला. म्हणाली, ह्या मातीनं?

मग म्हणाली, कुंडल्या, घराला पांढरी आन् डोक्याला काळी. आमी बाया काळ्या मातीनं न्हायचो. तेलकट डोकं एका हातात निघायचं. पांढरीनं न्हालं तर केसाचा काथ्या हुतो.

काकू शाळेत गेलेली नाही. मी वाद घातला नाही. काम झालं की माती परत आणून देतो, असं कबूल केलं. म्हणाली, तेलात बुडवलेली माती माळवदावर घालू व्हय? मुंग्यांची जत्रा भरंल की घरावर.

ज्ञानूच्या टेम्पोतून पोती सोलापूरला. सोबत त्याने एक पोतं काळी माती टाकली. वैजयंतीला तुळशीसाठी पाहिजे होती. उगाच ओझं.

१२ फेब्रुवारी

गुजरातची माती तशीच वापरत नाहीत. तिला आधी आम्लात उकळतात, मग धुऊन वाळवतात. त्याने तिची भूक वाढते. मीही लॅबमध्ये थोडी पांढरी माती बीकरमध्ये घेतली आणि आम्ल ओतलं.

काय सांगावं. माती सळसळून उठली. फेस वर, बीकरच्या बाहेर, टेबलावर, माझ्या पँटवर. गुजरातची माती अशी कधी उठत नाही, मेल्यासारखी पडून राहते. आपली माती जिवंत आहे.

घरी सांगितलं. अंकिता म्हणाली, तो चुना आहे बाबा. चुन्यावर आम्ल टाकलं की असंच होतं. कॉलेजमध्ये हे पहिल्या वर्षाला.

पहिल्या वर्षाचं ज्ञान पहिल्या वर्षापुरतंच असतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिला प्रयोग. कच्च्या तेलाचा लाल आकडा, म्हणजे रंगाचं माप, चोवीस. गुजरातच्या मातीने तो नऊवर येतो.

आपल्या मातीने तेवीस.

म्हणजे उतरला. दिशा बरोबर आहे. गाडी एकदा उताराला लागली की पुढचं आपोआप होतं.

१८ फेब्रुवारी

माती दुप्पट घातली. तेल चिकट झालं, गाळणकागदावरून खाली उतरेना. तासाभराने चमचाभर उतरलं. आकडा पंचवीस.

म्हणजे चढला. कारणं: अ) मंगळवार. ब) ट्यूबलाइट लुकलुकत होती. क) माझा कालचा उपवास, डोळ्याला थोडी अंधारी होती. माती सोडून सगळ्याचा विचार केला.

तेल गाळायच्या फिल्टर प्रेसवरचा मानसिंग चहाला आला होता. तेलात बोट घालून अंगठ्यावर चोळत म्हणाला, काका, ह्येनं हात धुतला तर फेस येतोय बघा. मी म्हटलं, मानसिंग, प्रयोगात बोट घालू नये. म्हणाला, बोट स्वच्छ निघालं की पण.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज उजाडलं.

चूक मातीची नव्हतीच, पद्धतीची होती. आपली माती नवखी आहे. पाम तेल कधी पाहिलेलं नाही. तिला पहिल्यांदा कोणीतरी वाट दाखवायला पाहिजे. म्हणून साथीला थोडी गुजरातची माती घातली. निम्मी.

आकडा तेरा.

खुर्चीतून उठलो. हात जोडले. भजनात गाणारा एक असतो, बाकीचे टाळ धरतात. टाळकऱ्यांमुळे गाणं झालं असं कोणी म्हणत नाही.

(गुजरातची माती तेवढीच एकटी घालूनही पाहिली. आकडा तेराच. हे लिहून ठेवलं, कारण स्वतःशी खोटं बोलायचं नाही. याचा अर्थ काय, यावर सवडीने विचार करेन.)

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवास. सिद्धेश्वराला तीन तास रांग. पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत सवडीचा विचार केला.

विचार असा: मी खोटं बोललेलो नाही. कारण मला अजून कोणी काही विचारलेलं नाही.

गाभाऱ्यात पोचलो तेव्हा पुजाऱ्याने पुढे ढकललं. बरं झालं. तिथे जास्त वेळ उभं राहणं आज जमलं नसतं.

१ मार्च, शनिवार

मालकांना सांगितलं. माढ्याची माती, लाल आकडा चोवीसवरून तेरा. मालकांनी चष्मा काढला. विचारलं, नुसत्या तुमच्या मातीने? मी म्हटलं, मुख्यतः.

मालकांचे वडील धोंडप्पा यांचा फोटो मागे भिंतीवर. तेही माझ्याकडेच बघत होते. मग त्यांच्या कानडीत सरी म्हणाले, एक घाणा टाकून बघू. पाच टन. वीस तारखेला.

एवढ्या लवकर होकार मिळेल असं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर नकार मिळाला असता तर जन्मभर सांगता आलं असतं की मालकांनी संधी दिली नाही.

धीर करून विचारलं, घाणा जमला तर ते केमिस्टचं? मालक म्हणाले, जमला तर बघू की.

जमला तर बघू. म्हणजे लॅब माझी. मालक मोजकं बोलतात, अर्थ आपण काढायचा.

४ मार्च

अंकिताने आगाऊपणा केला. तुळशीच्या पोत्यातली काळी माती कॉलेजात नेली, आम्लात उकळली, धुतली, वाळवली, आणि माझ्याच बाटलीतलं तेल घेऊन प्रयोग केला. सगळं करून बाटली माझ्यासमोर ठेवली. मी उद्या लॅबमध्ये आकडा बघतो म्हटलं.

५ मार्च

चौदा.

साथीला काही नाही. नुसती काळी.

यंत्र तीनदा पुसलं. चौदा. ट्यूबलाइट परवाच नवी बसवली आहे.

घरी गेल्यावर तिने विचारलं, किती? मी म्हटलं, बरा आहे. म्हणाली, बरा म्हणजे किती? म्हटलं, चौदाच्या आसपास. म्हणाली, तुमच्या पांढरीचा नुसता किती? मी म्हटलं, एका प्रयोगाने काही सिद्ध होत नसतं पोरी, शास्त्रात संयम लागतो. वैजयंती आतून म्हणाली, आणि घरात मोठ्या मनाचा माणूस लागतो.

मोठ्या मनाचा प्रश्नच नाही. मी पांढरीला नारळ दिला आहे. आता काळीकडे गेलो तर पांढरीला काय तोंड दाखवू?

९ मार्च, रविवार

पाच टनाला शंभर किलो माती लागते. मिलच्या मागे पिंपात आम्ल घालून तयार करतो आहे. पाव मातीतच आम्ल संपलं. सगळं फेसात जातं. मानसिंग म्हणाला, काका, ही माती लई खादाड हाय, तेल सोडून सगळं पितिया.

उरलेली तशीच वापरायची ठरवली. मुळात सात्त्विक माती आहे, तिला आम्लाचे संस्कार कशाला.

धुतलेली माती घराच्या गच्चीवर वाळत घातली. तिथे वैजयंतीने कुरडया घातल्या होत्या. वारा सुटला. पुढचं लिहीत नाही. या घरात यंदा कुरडई तळली जाणार नाही, आणि त्याबद्दल मला वर्षभर ऐकावं लागेल.

१४ मार्च, धुळवड

सुट्टी. मातीच्या नावाचा विचार केला. स्वतःचं नाव द्यायचं नाही हे पक्कं. ‘माढा क्ले’.

दुपारी वाटलं, माढ्यात आणखी कोणी माती काढली तर गोंधळ होईल. केवळ ओळखीसाठी ‘कुंडलिक माढा क्ले’.

संध्याकाळी मालकांसमोर करायच्या चार शब्दांची तयारी केली. पहिलं वाक्य: यात माझं काही नाही. आरशासमोर सहा वेळा म्हटलं. सहाव्या वेळी अंकिता मागे उभी होती. तिला हसू आवरत नव्हतं, पण मग आवरलं. म्हणाली, बाबा, अजून वेळ आहे, काळी माती वापरा. मी दोन दिवसांत शंभर किलो काढून देते. मैत्रिणी येतील मदतीला.

मी म्हटलं, बघू.

तिचा चेहरा उतरला नाही. तिला उत्तर माहीत होतं असं वाटलं. हे जास्त लागलं.

१९ मार्च, बुधवार. संध्याकाळ

उद्या घाणा. दुपारी मालकांनी गुजरातच्या मातीच्या गोदामाला स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. म्हणाले, प्रयोग शुद्ध झाला पाहिजे, हौदु की नाही? मी म्हटलं, हौदु.

मी कालच दोन पोती साथीला बाजूला काढून ठेवणार होतो. मानसिंगला फिल्टर प्रेसमागे जागाही करायला सांगितली होती. तो म्हणाला होता, काका, मला काय, मी डोळं मिटतो. मग वाटलं, उद्या सकाळी करू.

मालकांना जाऊन खरं सांगावं असं मनात आलं. त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. आत कोणीतरी बसलं होतं. म्हणजे पाठमोरी खुर्ची होती आणि तिच्यावर कोट टांगला होता. मागे फिरलो.

श्रद्धा आहे. बाकी काही हाताशी उरलेलं नाही.

२० मार्च, गुरुवार

(नोंदी जागेवरच, कागदाच्या चिटोऱ्यावर. आता उतरवतो.)

९.४०. तेल टाकीत चढलं. पाच टन. नारळ फोडला. पाणी मोटरवर उडालं.

१०.२५. तापमान शंभर. माती घातली. मालक आलेले नाहीत. त्यांना निकाल सांगायला मीच जाईन.

१०.३५. टाकीच्या काचेच्या खिडकीतून पाहतो आहे. तेल हलतंय. फेस आहे. फेस हे उत्साहाचं लक्षण.

१०.४५. उत्साह वाढतो आहे.

१०.५०. खिडकीतून तेल दिसत नाही. फक्त फेस. मानसिंगने टाकीतली हवा ओढणारा व्हॅक्युम पंप बंद केला. मला न विचारता. बरोबर केलं.

११.३०. गाळायला घेतलं. प्रेसमधून पहिल्या मिनिटाला धार आली, दुसऱ्या मिनिटाला थेंब आले, तिसऱ्या मिनिटाला मानसिंग म्हणाला, काका, बसलं.

१२.१५. प्रेस उघडला. कापडाच्या प्रत्येक पडद्यावर तांबूस, बुळबुळीत थर. लापशीसारखा. मानसिंगने ओंजळभर घेतला, नळाखाली धरला आणि कोपरापर्यंत हात धुतले. म्हणाला, आयला, ग्रीस निघालं की. मग बाकीचे दोघेही धुऊन आले. मला म्हणाले, तुमीबी या की.

१.००. जेवलो नाही.

२.१०. काचेत बघितलं. बघायची गरज नव्हती. सव्वीस.

३.००. साफसफाई. कापडं खरवडली. मी स्वतः खरवडली, कोणी सांगितलं नव्हतं. काम करताना एक गोष्ट लक्षात आली. चोवीस वर्षांत मी प्रेसच्या या बाजूला कधी आलो नव्हतो. इथे किती गरम होतं ते मला माहीत नव्हतं.

२१ मार्च, शुक्रवार

मालकांकडे गेलो. या वेळी आत कोट असो वा माणूस, जायचंच म्हणून गेलो. सांगितलं: आकडा तेरा आला होता तो निम्म्या गुजरातच्या मातीमुळे. नुसत्या पांढरीचा तेवीस होता. मी ‘मुख्यतः’ म्हटलं ते खोटं होतं. पाच टन तेल माझ्यामुळे गेलं.

मालक म्हणाले, बसा.

मग म्हणाले, तेल गेलं नाही. ते मागच्या वर्षीचं, टाकीच्या तळाचं, वास लागलेलं. साबणवाल्यासाठीच बाजूला काढलेलं होतं. साबणवाला सकाळी येऊन बघून गेला. अर्धं काम झालेलं मिळालं म्हणून खूश आहे.

मला कळेना. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

मालकांनी मागच्या फोटोकडे बोट केलं. म्हणाले, आमच्या अप्पांनी ही माती एक्क्याऐंशी साली करून पाहिली. अक्कलकोटकडच्या गढीची. अप्पांचा प्रेस दोन दिवस बंद होता, आणि आमच्या अव्वांनी, म्हणजे आईने, त्या मालाने घरभरच्या सतरंज्या धुतल्या.

म्हणजे माझी चूकसुद्धा पहिली नव्हती.

मी म्हटलं, मग मला का करू दिलं? म्हणाले, चोवीस वर्षांत तुम्ही कधी काही मागितलं नाही. एकदा मागितलं. नाही कसं म्हणायचं?

मी विचारलं, आणि केमिस्टचं? मालक कागद लावत म्हणाले, ती मुलगी जानेवारीतच ठरली की, कुंडलिकराव. तुम्हाला बोलावलं त्याच्या आदल्या आठवड्यात.

मग मी काळ्या मातीचं सांगायला लागलो. चौदा आकडा, साथीशिवाय, मुलीने काढला, शपथ घेतो. मालकांनी हात वर केला. रागाने नाही. म्हणाले, आता माती राहू द्या.

आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण खरं घेऊन गेलो होतो, तर ऐकायला कोणी शिल्लक नव्हतं. यात दोष कोणाचा हे या वहीत लिहायची गरज नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली. वैजयंतीने पुरणपोळी केली. कुरडई नव्हती. तिने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आणखी एक पोळी वाढली. बोलली असती तर बरं झालं असतं.

अंकिताला म्हटलं, तुझं बरोबर होतं. हे तीन शब्द बोलायला पंचवीस दिवस लागले. ती म्हणाली, माहिती आहे बाबा, पोळीवर तूप घ्या. मग म्हणाली, पण आम्ल टाकायचं धाडस मला तुमचं बघूनच झालं. ती माझं मन राखत होती. राखू दिलं.

नवीन वर्षाचा संकल्प: काही नाही. (हा संकल्प तरी टिकेल.)

१ एप्रिल, मंगळवार

नवीन केमिस्ट आली. शिवलीला. पंचविशीची, अक्कलकोटची, तेलाच्याच विषयात डिग्री. मला वाटलं होतं तोऱ्यात असेल. आल्या आल्या पाया पडली. त्यामुळे रागवायची सोयच गेली.

मालक म्हणाले, कुंडलिकराव, हिला सगळं समजावून द्या, आठवडाभर लागेल तेवढा वेळ घ्या. मी म्हटलं, आठवड्यात कसं होईल मालक, चोवीस वर्षांचं आहे. महिना तरी.

सकाळी टँकरचा नमुना कसा घ्यायचा, थंडीत तेल गोठतं तेव्हा काय करायचं, यंत्राच्या काचा, मातीची नोंद. ती लिहून घेत होती. मी बोलायचो त्याच्या पुढे अर्धा शब्द तिचं पेन असायचं.

२ एप्रिल, बुधवार. दुपार

संपलं.

चोवीस वर्षं शिकवायला दीड दिवस लागला. त्यात जेवणाची सुट्टी धरली आहे.

शिवलीलाने विचारलं, काका, अजून काही? मी खूप आठवलं. कपाट उघडलं, बंद केलं. म्हटलं, ट्यूबलाइट लुकलुकली तर आकडा एकाने चुकतो. तिने तेही लिहिलं. मग म्हणाली, इथली एखादी माती कोणी करून पाहिली आहे का? मानसिंग दारात उभा होता. तो छताकडे बघू लागला.

मी म्हटलं, पांढरी करू नको. काळी कर. चौदा येतो. माझ्या मुलीने केला आहे, तिचा नंबर देतो. तिने नंबर घेतला. नावापुढे लिहिलं: अंकिता, काळी माती. माझं नाव लिहायला त्या ओळीत जागा होती. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

खुर्चीचं चाक ढिलं आहे हे सांगायचं राहिलं. तिचं वजन कमी आहे, चालून जाईल.

३ एप्रिल, गुरुवार

काट्यावर पहिला दिवस. मालक म्हणाले होते तसं बसून काम आहे. झाड कडुनिंबाचं. खोलीत एक टेबल, एक लाकडी खुर्ची, आकड्यांची लाल पाटी. ट्रक लोखंडी पट्टीवर येऊन उभा राहतो, पाटीवर वजन येतं, ते चिठ्ठीवर उतरवायचं. डोळा लावायला लागत नाही, प्रकाश बघायला लागत नाही.

अकरा वाजता गाडी नव्हती. पट्टीवर कोणी नव्हतं. सहज जाऊन मधोमध उभा राहिलो. आपलं वजन तरी कळावं. खिडकीतून पाटीकडे बघितलं.

शून्य.

दोन पावलं पुढे गेलो. शून्य. जरा जोर देऊन उभा राहिलो. शून्य.

मानसिंग तंबाखू मळत चालला होता, तो थांबला. मी म्हटलं, काटा बिघडला काय रे? म्हणाला, न्हाय काका, काटा बरोबर हाय. शंभर किलोच्या आतलं त्यो धरतच न्हाय.

तेवढ्यात गेटवर ट्रक आला आणि हॉर्न वाजवायला लागला. म्हणून उतरलो.